पहिल्यांदा कन्फेशनला जाताना : पापक्षमा म्हणजे काय, आली कुठून आणि घ्यायची कशी

धर्मशिक्षणाच्या वर्गात नव्याने येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. फादर पण माणूसच, मग ते कोण आमच्या पापांची क्षमा करणारे? प्रश्न रास्त आहे आणि फार जुना आहे. कफर्णहूम गावात चौघांनी छप्पर उकलून एका पक्षाघाती माणसाला खाली सोडले, येशूने त्याला ‘तुझ्या पापांची क्षमा झाली आहे’ असे सांगितले, तेव्हा तिथे बसलेले शास्त्री मनातल्या मनात हेच म्हणत होते : देवावाचून पापांची क्षमा करणारा हा कोण? मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात हा प्रसंग आहे.

चर्चचे उत्तर असे. क्षमा करतो तो देवच. पण ती माणसाच्या कानावर माणसाच्या तोंडून पडावी, अशी सोय येशूने करून ठेवली. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी दारे लावून बसलेल्या शिष्यांवर त्याने फुंकर घातली आणि सांगितले की, तुम्ही ज्यांच्या पापांची क्षमा कराल त्यांची क्षमा होईल, ज्यांची ठेवाल त्यांची राहील (योहान २०:२२-२३). मत्तयच्या शुभवर्तमानात पृथ्वीवर बांधण्याचा आणि मोकळे करण्याचा अधिकार दिल्याचे दोन उल्लेख आहेत, एकदा पेत्राला आणि एकदा सगळ्या शिष्यांना. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च पापक्षमेच्या संस्काराचा पाया इथे मानतात. आपल्याकडे त्याला पापनिवेदन, समेटाचा संस्कार म्हणतात, गोव्यात कुमसार, आणि बोलताना बहुतेक जण सरळ कन्फेशन. मीही इथे तोच शब्द वापरतो.

पुढचे मार्गदर्शन मुख्यतः कॅथलिक चर्चमध्ये पहिल्यांदा, किंवा बऱ्याच वर्षांनी, कन्फेशनला जाणाऱ्यासाठी आहे. मधे इतिहास थोडा जास्त येईल, कारण तो कळल्याशिवाय ‘दहा नमो मरिया (मरियेची प्रार्थना) म्हटल्या की झाले मोकळे’ हा गैरसमज डोक्यातून जात नाही.

आधी पाहा : हे तुमच्यासाठी आहे का?

कन्फेशन बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच आहे. तुम्ही ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याच्या तयारीत असाल तर बाप्तिस्म्याआधी कन्फेशन करायचे नसते. बाप्तिस्म्यानेच आजवरची सगळी पापे धुतली जातात, अशी श्रद्धा आहे. बाप्तिस्मा दुसऱ्या चर्चमध्ये झालेला असेल आणि आता कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश घ्यायचा असेल, तर मात्र त्या विधीआधी कन्फेशन करावे लागते. कॅथलिक जोडीदाराशी लग्न ठरले आहे आणि आपण स्वतः हिंदू किंवा बौद्ध आहात? मग तुम्हाला कन्फेशन लागू नाही. मात्र लग्नाआधी जोडीदार कन्फेशनला जाऊन येईल, तेव्हा काय सांगितलेस म्हणून विचारू नका.

बाप्तिस्मा नसलेल्या माणसालाही फादरांशी मन मोकळे करता येते. ते नुसते बोलणे असते, तो संस्कार नव्हे. तसे बसताना स्पष्ट सांगितलेले बरे.

क्रम उलटा कसा झाला

पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती माणसाला आजचे पाच-दहा मिनिटांचे कन्फेशन दाखवले असते तर त्याने डोळे विस्फारले असते. बाप्तिस्म्यानंतर मोठे पाप घडले तर काय, याच प्रश्नावर तेव्हा चर्च दुभंगत होते. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा लेखक तेर्तुल्यान इ. स. २०० च्या सुमारास लिहितो की आणखी एक संधी आहे, पण एकच. पुढे तो कडक पंथाकडे वळला आणि काही पापांना तीही नाही असे म्हणू लागला.

मग २५० मध्ये सम्राट डेशियसने फर्मान काढले : प्रत्येकाने रोमन दैवतांना आहुती द्यायची आणि तसा दाखला घ्यायचा. इजिप्तच्या वाळूत असे पपायरसचे दाखले सापडले आहेत. अर्जदाराचे नाव, आपण आहुती दिली आणि प्रसाद चाखला हे निवेदन आणि खाली ते पाहणाऱ्यांची सही, असा सरकारी कारभार. कितीतरी ख्रिस्ती लोकांनी जिवाच्या भीतीने आहुती दिली, काहींनी पैसे चारून नुसताच कागद मिळवला. छळ ओसरल्यावर ही मंडळी चर्चच्या दारात परत आली. रोमचा धर्मगुरू नोव्हेशियन म्हणाला, यांना कायमचे बाहेर ठेवा. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस म्हणाले, प्रायश्चित्त करवून घ्या आणि आत घ्या. चर्च दुसऱ्या वाटेने गेले. नोव्हेशियनचे लोक फुटून निघाले आणि त्यांचे वेगळे चर्च पुढे काही शतके टिकले.

आत घेतले म्हणजे लगेच नव्हे. ३२५ मध्ये निकियात भरलेल्या बिशपांच्या परिषदेने, जबरदस्ती नसतानाही श्रद्धा सोडलेल्यांसाठी ठरवून दिलेला हिशेब वाचण्यासारखा आहे : ३ वर्षे फक्त शास्त्रवाचन ऐकायला उभे राहायचे, पुढची ७ वर्षे लोटांगण घालणाऱ्यांत, त्यानंतर २ वर्षे सर्वांबरोबर प्रार्थना करायची पण ख्रिस्तशरीर, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर, घ्यायचे नाही. एकूण १२ वर्षे. हे सगळे चारचौघांत. आपापल्या पापांची यादी जाहीर वाचायची नसली तरी अमुक माणूस प्रायश्चित्त करणाऱ्यांच्या घोळक्यात उभा आहे, हे गावाला दिसायचे. रोममध्ये पाचव्या शतकाच्या सुरुवातीला या लोकांना पुण्य गुरुवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, परत सामील करून घेत. आणि हे आयुष्यात एकदाच. साहजिकच लोक हुशारी करू लागले. ही एकुलती एक संधी म्हातारपणासाठी, जमल्यास मरणाच्या खाटेसाठी राखून ठेवू लागले.

या नियमातून सम्राटही सुटला नाही. ३९० मध्ये थेस्सलनीका शहरात दंगल झाली, एक सेनाधिकारी मारला गेला आणि थिओडोसियसच्या हुकमाने सैन्याने हजारो नागरिक कापले. मिलानचा बिशप अँब्रोजने त्याला पत्र लिहून कळवले की, तू समोर असताना मी मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, अर्पण करणार नाही. (बिशपने चर्चच्या दारातच सम्राटाला अडवले, ही गोष्ट चित्रकारांना फार आवडते, पण ती नंतर रंगवलेली आहे. पत्र मात्र अस्सल आहे.) सम्राटाने राजवस्त्रे उतरवून सर्वांदेखत प्रायश्चित्त केले आणि त्याच वर्षीच्या नाताळात त्याला परत घेण्यात आले.

आता क्रम पाहा. आधी पापाची कबुली, मग वर्षानुवर्षे प्रायश्चित्त, आणि शेवटी क्षमा.

हे बदलले ते आयर्लंडच्या मठवासीयांमुळे. त्यांच्या मठांत शिष्याने गुरूजवळ एकांतात पाप सांगायचे, आणि कितीही वेळा सांगायचे, अशी रीत होती. कोणत्या पापाला किती दिवस पाव-पाणी, किती उपास, किती स्तोत्रे, याच्या दरपत्रकासारख्या पुस्तिका त्यांच्याकडे होत्या. सहाव्या शतकाच्या अखेरीस कोलंबानससारखे मठवासी ही रीत युरोपात घेऊन गेले. जुन्या वळणाच्या बिशपांना ती अजिबात रुचली नाही. ५८९ मध्ये स्पेनमधल्या तोलेदोच्या परिषदेने, लोक वाटेल तितक्या वेळा पाप करून वाटेल तितक्या वेळा क्षमा मागतात, अशी तक्रार करून हा प्रकार निषिद्ध ठरवला. पण लोकांना तो पटला होता. प्रायश्चित्त घरी जाऊन महिनोन्महिने करायचे, मग क्षमेसाठी पुन्हा लांबचा प्रवास कोण करणार? म्हणून कबुली ऐकल्या ऐकल्याच क्षमा देऊन टाकण्याची पद्धत हळूहळू रुळली, आणि इ. स. १००० च्या सुमारास ती सर्रास झाली.

माझ्या मते या संस्काराच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी कन्फेशन सक्तीचे केले, १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने सिद्धांत पक्का केला, १९७३ मध्ये नवा विधी आला. पण या सगळ्यांनी गृहीत धरलेली गोष्ट एकच आहे : आधी क्षमा, मग प्रायश्चित्त. म्हणजे प्रायश्चित्त ही क्षमेची किंमत उरली नाही. ते क्षमा मिळालेल्या माणसाने करायचे काम झाले. नवख्या माणसाने एवढे लक्षात ठेवले तरी निम्मी भीती आणि निम्मा हिशेबीपणा कमी होतो.

पायरी १ : घरी बसून आठवा

जाण्याआधी अर्धा तास शांत बसा. दहा आज्ञा समोर ठेवा आणि एकेक घेऊन स्वतःला विचारा. चर्च पापांचे दोन प्रकार मानते. गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात : बाब मोठी हवी, ती मोठी आहे हे पुरते ठाऊक हवे, आणि तरीही जाणूनबुजून केलेली हवी. अशी पापे प्रकार आणि साधारण संख्या यांसह सांगावी लागतात. बाकीची क्षुल्लक पापे सांगणे बंधनकारक नाही, सांगितलेली चांगली.

चिठ्ठी लिहून नेली तर चालते. फक्त ती बाकावर विसरून येऊ नका, आणि घरी आल्यावर फाडून टाका. फोनमध्ये तर टिपूच नका.

पायरी २ : पश्चात्ताप

इथे लोक उगाच घाबरतात. डोळ्यांत पाणी यायलाच हवे असे काही नाही. देवावरच्या प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप उत्तम. पण नुसती शिक्षेची भीती वाटली, किंवा स्वतःच्या वागण्याची किळस आली, तरी या संस्कारासाठी ते पुरते. मात्र ‘पुन्हा करणार नाही’ हा निर्धार खरा हवा. उद्या पाय घसरेल अशी भीती असणे वेगळे, आणि उद्या हेच करायचे असे ठरवून येणे वेगळे.

पायरी ३ : वेळ आणि जागा

पहिल्यांदा जात असाल तर नाताळच्या आधीचा आठवडा आणि पवित्र सप्ताह, म्हणजे ईस्टरच्या आधीचा आठवडा, टाळा. तेव्हा आजूबाजूच्या धर्मग्रामांतून फादर बोलावले तरी रांगा संपत नाहीत, आणि मागे वीस माणसे उभी असताना तुम्हाला सुचणार काही नाही. बऱ्याच चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी किंवा रोजच्या मिस्सेआधी फादर बसतात. ऑफिसात फोन करून वेळ मागितली तरी देतात.

आपल्याच फादरांकडे जायला संकोच वाटतो? दुसऱ्या चर्चमध्ये जा. वसईचा माणूस दादरला गेला म्हणून कोणी रागावत नाही. परदेशात असाल आणि तिथली भाषा येत नसेल तर दुभाष्याच्या मदतीने कन्फेशन करायची मुभा चर्चच्या कायद्यात आहे, आणि ऐकलेले गुप्त ठेवण्याचे बंधन दुभाष्यावरही आहे. फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर मात्र क्षमा घेता येत नाही. माणसासमोर माणूस हवाच.

जाळीचा पडदा असलेला लाकडी कक्ष ही सोळाव्या शतकातली सोय. मिलानचा आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो याने ती आपल्या चर्चमधून कटाक्षाने बसवली. मुख्य हेतू हा की फादर आणि कन्फेशनला आलेली स्त्री यांच्यात आडपडदा असावा आणि दोघेही सर्वांच्या नजरेसमोर असावेत. आता समोरासमोर बसूनही करता येते. नवख्याने जाळीमागचीच जागा घ्यावी, असे मी सुचवेन.

पायरी ४ : आत काय बोलायचे

समजा, किराणा दुकान चालवणारा एक जण आला आहे. गुडघे टेकतो, क्रुसाची खूण करतो आणि म्हणतो, ‘फादर, मला आशीर्वाद द्या, मी पाप केले आहे. हे माझे पहिलेच कन्फेशन.’ एवढे सांगितले की फादर सांभाळून घेतात, पुढचे विधी त्यांना विचारत विचारत करता येतात.

आता तो म्हणेल, ‘धंद्यात थोडे इकडचे तिकडे होतेच, फादर.’ हे कन्फेशन नव्हे, ही सारवासारव. ‘दोन वर्षे मी काटा मारतोय, जवळजवळ रोज. गरीब गिऱ्हाईक जास्त फसते. धाकट्या भावाशी वाटणीवरून भांडलो आणि त्याच्यावर हात उचलला, एकदा’ हे कन्फेशन. भाऊ कसा वागला, बायकोने कसे चिथावले, बाजारात सगळेच कसे करतात, ही कैफियत गाळायची. दुसऱ्यांची नावे घ्यायची नाहीत. शेवटी म्हणायचे की, ही आणि आठवत नसलेली सगळी पापे, यांबद्दल मला वाईट वाटते.

खरोखर विसरलेले पापही क्षमेत येते, पुढच्या वेळी आठवले तर सांगायचे. गंभीर पाप मुद्दाम दडवले तर मात्र सगळेच कन्फेशन फुकट जाते.

फादर चार शब्द बोलतील, प्रायश्चित्त सांगतील आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायला लावतील. पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत म्हणा. मग ते हात पुढे करून क्षमेचे शब्द उच्चारतात. आधी दयाळू पित्याने पुत्राच्या मरण-पुनरुत्थानाने जगाशी समेट केल्याचे स्मरण, आणि शेवटी गाभ्याचे वाक्य : पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुझ्या पापांची क्षमा करतो. तुम्ही ‘आमेन’ म्हणायचे. बाराव्या-तेराव्या शतकापर्यंत इथे ‘देव तुला क्षमा करो’ अशी प्रार्थनाच असे. ‘मी क्षमा करतो’ हे थेट रूप त्यानंतर स्थिरावले, आणि तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांनी त्याच्या बाजूने युक्तिवाद केला. हा ‘मी’ त्या फादरांचा स्वतःचा नाही, हे त्यांनाही माहीत असते. म्हणूनच फादर स्वतः किती सज्जन यावर क्षमेची किंमत कमी-जास्त होत नाही, आणि फादरांनाही स्वतःच्या पापांसाठी दुसऱ्या फादरांपुढे गुडघे टेकावे लागतात.

फादर नाही म्हणू शकतात का? हो. वरच्या दुकानदाराने ‘काटा मारणे सोडणार नाही’ असे सांगितले तर क्षमा अडते. पाप मोठे म्हणून ती अडत नाही. पश्चात्ताप नसला तर अडते.

गुपित, आणि तुमची सुरक्षितता

कन्फेशनमध्ये ऐकलेले फादर कोणालाही, कसल्याही कारणाने सांगू शकत नाहीत. पोलिसांना नाही, बिशपना नाही, तुमच्या आईलाही नाही. जाणूनबुजून थेट उघड करणारा फादर त्याच क्षणी आपोआप बहिष्कृत होतो. प्रागमधल्या चार्ल्स पुलावर जॉन नेपोमुक या धर्मगुरूचा पुतळा आहे. १३९३ मध्ये राजा चौथ्या वेन्सेस्लासच्या माणसांनी त्याला व्लतावा नदीत बुडवले. राणीचे कन्फेशन उघड केले नाही म्हणून, असे परंपरा सांगते. इतिहासकार म्हणतात की भांडण एका मठाच्या प्रमुखाच्या नेमणुकीवरून होते.

पण नियम कडक आहे म्हणून सगळे आलबेल असते असे समजू नका. २०१८ मध्ये केरळमधल्या एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या काही धर्मगुरूंवर, कन्फेशनमधल्या माहितीचा धाक घालून एका स्त्रीचे शोषण केल्याचा आरोप झाला. तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली. चर्चनी तीव्र विरोध केला आणि प्रथा चालू राहिली. विरोध मला समजतो, पण नवख्याला, विशेषतः मुलींना, नुसते ‘विश्वास ठेवा’ म्हणणे मला पटत नाही. म्हणून स्पष्ट सांगतो. बंद खोलीत एकट्याने जाऊ नका. नाव-पत्ता सांगायची गरज नसते. फादर नको तितक्या खाजगी तपशिलात शिरू लागले तर उठून या. गुप्ततेचे बंधन फादरांवर आहे, तुमच्यावर नाही. गैर काही घडले तर तुम्ही घरी, बिशपांकडे आणि पोलिसांत बिनदिक्कत सांगू शकता. कन्फेशनच्या आडून लैंगिक मागणी करणे हा चर्चच्या कायद्यातही गंभीर गुन्हा आहे.

दुसऱ्या चर्चमध्ये गेलात तर

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बहुधा येशूच्या प्रतिमेसमोर उभे राहून कबुली देतात, आणि धर्मगुरू गळ्यातले लांब वस्त्र डोक्यावर ठेवून प्रार्थना म्हणतात. ग्रीक परंपरेत ती आजही ‘देव क्षमा करो’ याच रूपात आहे. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारे मार्टिन लूथर यांचा १५१७ चा हल्ला मुख्यतः दंडमाफीच्या, म्हणजे क्षमा झाल्यावरही भोगायची उरलेली शिक्षा कमी करणाऱ्या पत्रांच्या, विक्रीवर होता. खाजगी पापक्षमा त्यांनी टाकून दिली नाही, आणि १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे लूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, ती चालू ठेवावी असे लिहिले आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चमध्ये (१९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेले) उपासनेतच सर्व मंडळी एकत्र पापांगीकार करतात आणि पाळक सर्वांना मिळून क्षमेचे वचन ऐकवतात. तिथे रांगेत उभे राहण्याची वेळ येत नाही.

पायरी ५ : बाहेर आल्यावर

प्रायश्चित्त म्हणून बहुधा काही प्रार्थना मिळतात, कधी एखादे काम. त्या शक्यतो तिथेच बाकावर बसून म्हणून टाका, घरी गेलात की राहून जाते. पण दुकानदाराचे काम तेवढ्यावर भागत नाही. प्रार्थना म्हटल्याने गिऱ्हाइकांचे पैसे परत जात नाहीत. घेतलेले परत करणे हा वेगळा, न सुटणारा भाग. लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराने लुबाडलेल्यांना चौपट परत देईन असे सांगितले होते. दुकानदाराने चौपट नाही तरी जेवढे घेतले तेवढे अंदाजाने काढावे. ओळखीच्या गिऱ्हाइकांना पुढच्या काही महिन्यांत वजनात जास्त टाकून किंवा उधारी सोडून ते फेडता येते. कोणाचे किती हे सांगताच येत नसेल तर तेवढी रक्कम गरिबांना द्यावी, अशी जुनी शिकवण आहे. दुकानाच्या दारावर ‘मी चोर आहे’ अशी पाटी लावायची गरज नाही. भावाकडे जाऊन बोलायचे मात्र टाळता येणार नाही.

सांगितलेले प्रायश्चित्त झेपण्यासारखे नसेल, म्हणजे साखरेच्या आजारात उपास सांगितला किंवा भावाचा ठावठिकाणाच माहीत नाही, तर तिथल्या तिथे तसे सांगा, फादर बदलून देतात. घरी आल्यावर लक्षात आले तर पुढच्या कन्फेशनमध्ये विचारा, मग ते फादर दुसरे असले तरी चालतील.